हॉर्न ओके, घर प्लीज!

घर दाखवणाऱ्या एजंटची एक ठरलेली वेळ असते. रविवार, दुपारी अडीच. पुण्यात या वेळेला दुकानांची शटर खाली असतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली शोधून पडलेलं असतं आणि मुख्य रस्त्यावरच्या टू बीएचकेची गॅलरी एखाद्या आश्रमासारखी शांत वाटते. आम्ही दोघंही भाळलो. नशीब असं, की नवऱ्याचा चष्मा तिथल्या ओट्यावर राहिला. सोमवारी सकाळी साडेनऊला तो आणायला गेले, तर खाली पीएमपीची बस कचकचून ब्रेक मारत होती, बसमागे तीन रिक्षा, रिक्षांमागे स्कूलबस आणि प्रत्येकाचा अंगठा हॉर्नवर. एजंटने पुढे होऊन खिडकी ओढून घेतली. "ताई, ही वर्दळ आहे. वर्दळ आहे म्हणून तर रेट आहे."

मी चष्मा घेऊन परत आले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पुढे कळलं, की या एका वाक्यावर जगभरचे अर्थतज्ज्ञ आणि वाहतुकीचे अभ्यासक पन्नासेक वर्षं डोकं खाजवताहेत. रस्त्याच्या आवाजाला कंटाळून माणसं घर बदलतात का? बदलतात तर कोण? आणि एका डेसिबलचा भाव रुपयांत किती? त्यासाठी त्यांनी संगणकात अख्खी शहरं वसवलीत, जंगलात स्पीकर टांगलेत. त्यातली ही निवडक भेळ.

साठ अधिक साठ, बरोबर त्रेसष्ट

डेसिबलला शाळेतली बेरीज मान्य नाही. एका बसचा आवाज ६० डेसिबल असेल आणि शेजारी तशीच दुसरी बस येऊन उभी राहिली, तर दोघींचा मिळून होतो ६३. रस्त्यावरची वाहतूक दुप्पट झाली तरी आकडा तीननेच चढतो. ऐकायला बरं वाटतं, पण उलट्या बाजूने हाच हिशेब रडवतो. आपल्या कानाला आवाज 'निम्मा झाला' असं वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे दारातला रस्ता निम्मा शांत वाटायला हवा असेल, तर दहापैकी नऊ गाड्या गायब करायला लागतील. एक दिवस सम, एक दिवस विषम असली योजना आणून गाड्या अर्ध्या केल्या, तरी कानाला पत्ता लागेलच असं नाही.

या एककाचं नाव पडलं अलेक्झांडर ग्रॅहम बेलवरून. ज्याने घराघरांत फोनची घंटी पोचवली, त्याच्याच नावाने आता आपण तक्रारी मोजतो.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेला रस्त्याचा आकडा ५३ आहे, रात्रीसाठी ४५. युरोपचा हिशेब मात्र मोठा मार्मिक. दिवस-संध्याकाळ-रात्रीची सरासरी काढताना ते संध्याकाळच्या आवाजात ५ डेसिबल आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल वरून टाकतात. डेसिबलच्या भाषेत दहा म्हणजे दहापट. तेव्हा रात्री बाराला गेलेला एक ट्रक कागदावर दिवसाच्या दहा ट्रकांएवढा भरतो. झोपमोड झालेला माणूसही नेमका एवढाच चिडलेला असतो.

मिसळीतल्या फरसाणाचा भाव

शांतता कुठल्या दुकानात किलोवर मिळत नाही. मग तिची किंमत काढायची कशी? अमेरिकन अर्थतज्ज्ञ शर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये त्याची घट्ट मांडणी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर घर म्हणजे मिसळ. खोल्या, मजला, पार्किंग, शाळा, स्टेशन, शांतता असं सगळं एकाच प्लेटमध्ये आणि प्लेटचा भाव एकच. पण हजारो प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या, कुठे फरसाण जास्त, कुठे तर्री कमी हे नोंदवलं आणि भाव ताडून पाहिले, तर नुसत्या फरसाणाला गिऱ्हाईक किती मोजतं ते निघतं.

जॉन नेल्सन यांनी १९८२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा उत्तर आलं: रस्त्याचा आवाज एक डेसिबलने वाढला की घराची किंमत सरासरी ०.४ टक्क्याने उतरते. इयन बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारसाठी पुन्हा चाळणी लावली. सरासरी निघाली ०.५५ टक्के, पण अभ्यासाअभ्यासात फरक ०.०८ पासून २.२२ पर्यंत. खुद्द ग्लासगोत त्यांना ०.२ टक्का मिळाला. म्हणजे भाव आहे हे नक्की, पण तो गावागणिक बदलतो.

आता पुण्यात कागद-पेन्सिल घेऊन बसू. ऐंशी लाखांचा फ्लॅट. अर्धा टक्का धरला तर दहा डेसिबलची शांतता पाच टक्क्यांची, म्हणजे चार लाखांची. आणि आहे ते घर विकून तेवढ्याच किमतीचं शांत घर घ्यायचं, तर मुद्रांक शुल्कच सहा-सात टक्के. पाच लाखांच्या आसपास. वर एजंटचं कमिशन, सामान हलवणारे, गॅसचं नाव बदलणं, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि मुलीची स्कूलबस. दहा डेसिबल म्हणजे अर्धा गोंगाट. तेवढ्यासाठी सरकारलाच झोपेच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजायचे. यावर माझा नवरा म्हणाला, "त्यापेक्षा कापसाचे बोळे घे." बाहेरच्या देशांतले टक्के आपल्या बाजाराला जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही, हे कबूल. पण घर न बदलण्यामागे आळसाशिवायही कारणं असतात, एवढं त्या कागदावर दिसतं.

रस्ता नाही, पण रस्त्याचा आवाज आहे

मुळात पेच आहे तो एजंटच्या वाक्यातच. आवाज एकटा कधी येत नाही. बसस्टॉप, औषधाचं दुकान, रात्री अकराला मिळणारी रिक्षा यांच्या गळ्यात गळा घालून येतो. घराची किंमत गोंगाटाने खाली ओढली आणि बसस्टॉपने वर, तर हाती आलेला आकडा नेमका कशाचा?

या दोघांची फारकत अमेरिकेत आयडाहोतल्या संशोधकांनी करून दाखवली, पण पक्ष्यांवर. बॉइझी शहराजवळच्या एका डोंगरधारेवर रस्ताच नव्हता. तिथे त्यांनी सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात झाडांवर स्पीकरच्या पंधरा जोड्या लावल्या आणि त्यांतून रहदारीचा आवाज सोडला. चार दिवस चालू, चार दिवस बंद. ना गाडी, ना धूर, ना डांबर. फक्त आवाज. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले: आवाज चालू असताना तिथे उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची संख्या पाव हिश्शापेक्षा जास्त घटली. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जे पक्षी गोंगाट सोसून थांबले, त्यांच्या अंगावर पुढच्या प्रवासाला लागणारी चरबी नीट चढली नाही. कान देऊन शिकारी पक्ष्याची चाहूल घेता येत नाही, म्हणून सारखी मान वर, आणि मान वर म्हणजे चोच रिकामी.

माणसांच्या दारात महिनाभर असे स्पीकर लावून प्रयोग करायला कुठलंच विद्यापीठ परवानगी देणार नाही. आपल्याकडे ती सोय वर्षातून दहा दिवस आपोआप होते, पण तेव्हा घर सोडून जाणाऱ्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

संगणकातल्या शहराची सकाळ

माणसांवर प्रयोग नाही, तर खोटी माणसं करू. टॉमस शेलिंग यांनी १९७१ च्या सुमारास बुद्धिबळासारख्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडली आणि एकच नियम ठेवला. शेजारी आपल्यासारखे फारच कमी असले, की उठायचं आणि रिकाम्या घरात जाऊन बसायचं. एकाही नाण्याला वेगळं राहायची हौस नव्हती, तरी बघता बघता पटावर दोन वेगळ्या वस्त्या पडल्या. पुढे त्यांना नोबेल मिळालं, ते अर्थात अशा बऱ्याच विचारांसाठी.

दुसरे नोबेलवाले डॅनियल मॅकफॅडन. सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात नवी रेल्वे सुरू होण्याआधी, किती लोक तिने कामावर जातील याचा सरकारी अंदाज होता १५ टक्के. मॅकफॅडन यांच्या सूत्रातून निघाले ६.३. प्रत्यक्षात गेले ६.२. मग १९७८ मध्ये त्यांनी हेच सूत्र घराच्या निवडीला लावलं. कल्पना अशी: प्रत्येक कुटुंब प्रत्येक घराला मनातल्या मनात गुण देतं. भाड्याचे उणे, खोल्यांचे अधिक, ऑफिस लांब असेल तर उणे, शांतता असेल तर अधिक, आणि शेवटी काही गुण कुणालाच न सांगता येणारे, म्हणजे 'दारातला प्राजक्त आवडला' छापाचे. ज्या घराला जास्त गुण, तिथे जायची शक्यता जास्त. खात्री मात्र कधीच नाही.

अडचण एवढीच, की शहरात घरं लाखो. सगळ्यांना गुण कोण देणार? मॅकफॅडन यांनी सिद्ध केलं, की मॉडेलला त्यांतली मोजकी घरं नीट पद्धतीने निवडून दाखवली तरी हिशेब चुकत नाही. आमच्या एजंटने हा शोधनिबंध वाचला नसावा. पण तोही आठच घरं दाखवतो. निवडण्याची पद्धत तेवढी त्याची स्वतःची.

आताची मॉडेलं म्हणजे पूर्ण गाव. झुरिच आणि बर्लिनच्या संशोधकांनी वाढवलेलं 'मॅटसिम' घ्या. त्यात लाखो कृत्रिम माणसं असतात. प्रत्येकाला घर, नोकरी, दिनक्रम. ती सकाळी उठतात, निघतात, ट्रॅफिकमध्ये अडकतात, रात्री संगणक त्यांना दिवसाचे गुण देतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली काही जण लवकर निघून बघतात किंवा रस्ता बदलतात. तोच एक दिवस शेकडो वेळा जगायचा. कुणा पुराणातल्या शापासारखं हे आयुष्य, पण त्यातून कुठल्या रस्त्यावर किती वाजता किती गाड्या हे निघतं. आणि ते निघालं, की गाड्यांची संख्या, अवजड वाहनांचं प्रमाण, वेग, रस्त्याचा पृष्ठभाग आणि खिडकीचं अंतर सूत्रात घालून प्रत्येक खिडकीवरचा आवाज काढता येतो.

खरी गंमत म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात झाली. तिथल्या संशोधकांनी बर्लिनच्या सहकाऱ्यासह मॅटसिमला घरबदलाचं दुसरं मॉडेल जोडलं आणि वर्तुळ पुरं केलं. आतापर्यंत आवाज हे मॉडेलचं शेवटचं उत्तर असायचं. आता ते परत आत गेलं. आवाज वाढला, की कृत्रिम कुटुंब घराचे गुण कापतं, दुसरीकडे जायचं बघतं. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं, की हे जमतं, आणि गोंगाटापुढे पैसेवाली कुटुंबं एका तऱ्हेने वागतात, कमी पैसेवाली वेगळ्या.

वर्तुळ म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच. शांततेसाठी गावाबाहेर गेलेलं कुटुंब कामाला कसं येणार? गाडीने. कुठून? मधल्या लोकांच्या दारावरून. माझे दोन मित्र 'किती शांत आहे हो इथे' म्हणत मुळशीकडे राहायला गेले. रोज सकाळी त्यांचा गोंगाट चांदणी चौकाच्या आसपासच्या खिडक्यांना पोचतो.

एक छोटी गोष्ट मात्र जर्मन सूत्रांत सापडत नाही: हॉर्न. तिथे चाकं, इंजिन, वेग, उतार या सगळ्यांना जागा आहे, पण विनाकारण 'पॉं' करणाऱ्या माणसाला रकाना नाही. आपल्याकडे हे सूत्र आणायचं तर तो रकाना आधी आखायला लागतो, आणि नागपूरच्या 'नीरी'तल्या संशोधकांनी रस्त्यावर उभं राहून हॉर्नचा हा वेगळा हिशेब मांडलाही आहे. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ट्रकांच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी घातली. अक्षरं बरीच गेली. बाकी आपण बघतोच.

बॅबेजसाहेबांचे १६५ उपद्रव

ज्याच्या कल्पनेतून संगणक पुढे जन्मला, तो चार्ल्स बॅबेज स्वतः रस्त्याच्या आवाजाने पिसाळलेला माणूस होता. लंडनच्या डॉर्सेट स्ट्रीटवर त्याचं घर. खाली पेटी फिरवणारे, बेंडबाजेवाले, ढोलवाले. गडी गणिती, म्हणून त्याने नुसता आरडाओरडा केला नाही, मोजदाद केली. ८० दिवसांत १६५ उपद्रव. या लोकांनी माझ्या कामाची चौथाई ताकद खाल्ली, असाही हिशेब त्याने मांडला. १८६४ मध्ये रस्त्यावरच्या वादकांविरुद्ध कायदा झाला, त्यात त्याच्या खटपटीचा वाटा मोठा. परिणाम? पोरंटोरं आणखी चेकाळली, त्याच्या मागून हुर्यो करत फिरू लागली.

या सगळ्यात त्याने एक गोष्ट केली नाही. घर बदललं नाही. चाळीसेक वर्षं तिथेच राहिला आणि १८७१ मध्ये तिथेच वारला. पैसा होता, चीड तर उतू जात होती, तरी नाही. बॅबेजला एखाद्या मॉडेलमध्ये बसवून दाखवा.

दोन हजार गाड्या, तीन मित्र

डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतले एकमेकांसारखे तीन रस्ते निवडले. फरक वाहतुकीचा: एकावर दिवसाला साधारण दोन हजार गाड्या, दुसऱ्यावर आठ हजार, तिसऱ्यावर सोळा हजार. मग घरोघर जाऊन विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? शांत रस्त्यावर सरासरी ३, मधल्यावर १.३, गजबजलेल्यावर ०.९. म्हणजे पुरता एकही नाही. नुसत्या ओळखीची माणसं अनुक्रमे ६.३, ४.१ आणि ३.१. लोकांना 'तुमचं घर कुठून कुठपर्यंत' हे नकाशावर काढायला सांगितलं, तेव्हा शांत गल्लीतल्या लोकांनी अख्खा रस्ता आपल्या घरात घेतला. सोळा हजारवाल्यांनी दाराच्या आत रेघ मारली.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. गजबजलेल्या रस्त्यावर मुलंबाळं असलेली घरं जवळजवळ नव्हतीच. ज्यांना जमलं ते निघून गेले होते. उरले ते दोन प्रकारचे: ज्यांना खरंच त्रास होत नव्हता ते, आणि ज्यांना जाता येत नव्हतं ते. आकडेवारीत दोघे एकाच रांगेत उभे असतात.

अ‍ॅपलयार्ड आयुष्यभर माणसांसाठीच्या रस्त्यांबद्दल बोलले. १९८२ मध्ये अथेन्समध्ये एका भरधाव गाडीने त्यांचा जीव घेतला.

मजला कितवा घेऊ?

मुंबईत, आणि आता पुण्यातही, बिल्डर वरच्या मजल्याला 'फ्लोअर राइज' लावतात. चौरस फुटामागे मजल्यागणिक चढते पैसे, कारण वर हवा आणि शांतता. हवेचं राहू द्या. शांततेचं असं आहे, की सलग वाहणाऱ्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झालं की जेमतेम तीन डेसिबल उतरतो. दहा मीटरवरून वीसला गेलात की तीन. विसावरून चाळीसला गेलात की आणखी तीन. म्हणजे पहिल्या काही मजल्यांनंतर पैसे चढत जातात, आवाज मात्र रेंगाळत उतरतो. उलट तळमजल्याला कधी कधी कंपाउंडच्या भिंतीचा आडोसा मिळतो आणि चौथ्या मजल्याला रस्ता थेट दिसतो. दिसतो म्हणजे ऐकूही येतो. हा साधा नियम एजंटसमोर खिडकीत उभं राहून वापरता येतो.

उंचीचा फायदा मुळीच नसतो असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणाऱ्या महामार्गाच्या डोक्यावर बत्तीस-बत्तीस मजल्यांचे चार टॉवर उभे आहेत. अक्षरशः डोक्यावर, गाड्या इमारतीखालून जातात. १९७३ मध्ये शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांची तपासणी केली. बरीच वर्षं खालच्या मजल्यांवर राहिलेल्या मुलांना एकसारखे शब्द कानाने वेगळे ओळखणं जड जात होतं आणि त्यांचं वाचनही मागे होतं. गोंगाट गाळायची सवय लागलेला कान कामाचं बोलणंही गाळून टाकतो. दोन वर्षांनी त्याच शहरातल्या एका शाळेचा अभ्यास अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी छापला. रेल्वेच्या बाजूच्या वर्गातली मुलं सहावीपर्यंत दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळपास वर्षभर मागे पडत होती. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारं छत बसवलं, आणि फरक मिटला.

मावशीचा रकाना

माझी मावशी गिरगावात राहते. चाळ, पागडीची खोली, खिडकी मुख्य रस्त्यावर. भाड्यापेक्षा लाइटबिल मोठं, कारण मुंबईच्या जुन्या भाडे कायद्याने भाडी १९४० सालाशी बांधून ठेवली होती आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तरी मुळात आकडाच चिमूटभर. "मावशी, तुला त्रास नाही का गं होत?" मी विचारलं. "सवय झाली," ती म्हणाली. मग बोलता बोलता तिने टीव्हीचा आवाज तीनदा वाढवला, दोनदा खिडकी लावली आणि बस गेली तेव्हा वाक्य अर्ध्यावर सोडून ती जाईपर्यंत थांबली. तिच्या हे गावीही नव्हतं.

सवय होते, हे आपलं लाडकं म्हणणं नील वाइनस्टाइन यांनी तपासलं. एक नवा महामार्ग सुरू झाल्यावर चार महिन्यांनी आणि सोळा महिन्यांनी त्यांनी त्याच रहिवाशांना गाठलं. वैताग कमी झाला नव्हता. उलट, आपल्याला याची सवय होणार नाही याची लोकांना जास्त खात्री पटली होती. माणसागणिक आवाज किती झोंबतो हे मोजायला याच वाइनस्टाइन यांनी १९७८ मध्ये एकवीस प्रश्नांची पट्टी केली, ती आजही वापरात आहे.

मॉडेलच्या लेखी मावशीने साठ वर्षांत घर बदललं नाही, म्हणजे तिला गोंगाट चालतो. तिच्या रकान्यात तसंच पडणार. प्रत्यक्षात तिच्यापुढे दुसरं घर कधी नव्हतंच. गिरगाव सोडलं तर तेवढ्या पैशांत थेट विरारपल्याड, आणि तिथे तिचा डॉक्टर नाही, भजनी मंडळ नाही, फणसवाडीतला फुलवाला नाही. गुण द्यायला समोर दोन घरं तर हवीत.

मधल्या वेळेचं खाणं

मेलबर्नमध्ये एका महामार्गाला ३०० मीटर लांबीची पोलादी नळी घातली आहे. गाड्या नळीतून जातात, कारण शेजारी सरकारी घरांचे टॉवर आहेत. रहिवाशांना हलवता येईना, म्हणून रस्त्यालाच पांघरूण.

ओसाकात १९९२ मध्ये झालेल्या एका ऑफिस इमारतीच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मजल्यातून चक्क द्रुतगती मार्ग जातो. लिफ्ट चारवरून आठवर. भाडेकरूंच्या पाटीवर या तीन मजल्यांसमोर रस्त्याच्या कंपनीचं नाव आहे. चीनमधल्या चोंगकिंगला तर राहत्या घरांच्या एकोणीस मजली इमारतीत सहाव्या ते आठव्या मजल्यावर मोनोरेलचं स्टेशन आहे. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ही जाहिरात तिथे ओशाळी होईल.

सोसायटीच्या कडेला लावलेल्या अशोकाच्या एका रांगेने आवाज अडत नाही. अमेरिकन महामार्ग खात्याचा हिशेब असा, की दहा डेसिबल अडवायला साठेक मीटर रुंदीची दाट, उंच झाडी लागते. झाडांनी रस्ता दिसेनासा होतो, आणि न दिसणारा रस्ता मनाला कमी ऐकू येतो. लावा खुशाल.

अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाशेजारच्या लोकांच्या लक्षात आलं, की शेतं नांगरली की जमिनीवरून येणारी विमानांची घरघर कमी होते. मग २०१३ मध्ये तिथे मुद्दाम सऱ्या-वरंबे असलेली बागच केली.

विजेच्या गाड्या आल्या की शहर शांत होईल, ही आशा अर्धीच धरा. ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वर इंजिनापेक्षा टायरचाच आवाज मोठा. आणि कमी वेगात त्या इतक्या गुपचूप येतात, की युरोपने २०१९ पासून नव्या मॉडेलांना वीसच्या आत मुद्दाम आवाज काढायला लावलाय.

मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला काही सिग्नलांना आवाज मोजणारं यंत्र जोडल्याचं जाहीर केलं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या, हळू आवाजात.

ज्यांचा आवाज पोचतो

शांततेसाठी घर बदलणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग, रस्ता येऊच द्यायचा नाही. मुंबईत पेडर रोडवर उड्डाणपुलाचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवाशांनी जोरदार विरोध केला, आणि त्यांत प्रभुकुंजमध्ये राहणाऱ्या लता मंगेशकर आणि आशा भोसले होत्या. तो पूल झाला नाही. महंमद अली रोडवर मात्र जे. जे. उड्डाणपूल २००२ मध्ये झाला आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांसमोरून गाड्या धावू लागल्या. दोन्ही रस्ते एकाच शहरातले. म्युनिकच्या मॉडेलमध्ये 'पत्ता मोठा, आवाजाला वजन' असा रकाना मला तरी दिसला नाही.

आमचं म्हणाल, तर शेवटी आम्ही त्याच इमारतीत घर घेतलं. पण मागच्या बाजूचं. स्वीडनमधल्या संशोधकांना असं दिसलंय, की घराची एक बाजू जरी शांत असली तरी त्रास तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी होतो, म्हणून बेडरूम मागे बघितली. पुढे जिना आणि लिफ्ट, मागे कुणाचं तरी पडीक शेत, त्यात दोन आंबे, एक विहीर आणि संध्याकाळी टिटवी. फोनवरचं अ‍ॅप रात्री अकराला ४३ दाखवायचं. मी सगळ्यांना तो आकडा सांगत सुटले होते.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीकाकांनी विकास आराखड्याची झेरॉक्स फिरवली. आमच्या बेडरूमला लागून, विहिरीवरून, थेट हायवेपर्यंत एक जाड रेघ. अठरा मीटरचा डीपी रोड.

घरी येऊन आधी एजंटला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अहो ताई, अभिनंदन!" तो म्हणाला. "आता रेट बघा कसा वाढतो."